टूल पाउच कुठला घ्यावा आणि पावसाळ्यात कसा टिकवावा?

प्रश्न: नमस्कार दादा, मी चिपळूणचा, आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय आणि सध्या एका काँट्रॅक्टरकडे घरगुती वायरिंग आणि एसी बसवायची कामं करतो. पहिला पाउच रेक्झिनचा होता, तो एका पावसाळ्यातच सोलला, तळाची शिलाई उसवली आणि टेस्टर शिडीवरून खाली पडला. आता लेदरचा घेऊ का कापडी? आणि संध्याकाळपर्यंत उजवी कंबर भरून येते त्याचं काय करू?

उत्तर: आधी कंबरेचं बोलूया. कंबर भरून येते म्हणजे बहुतेक पाउचमध्ये नको ते पण भरलेलं असतं. आज घरी गेलात की सगळं सतरंजीवर ओता आणि शिडीवर चढल्यावर खरोखर हाताला काय लागतं तेवढंच बाजूला काढा, टेस्टर, ८ इंची पक्कड, स्ट्रिपर (वायरचं प्लास्टिक सोलायचं हत्यार), एक चपटा आणि एक फुलीचा डिसमिस, इन्सुलेशन टेप, पेन्सिल, बास. हातोडी, ड्रिलचे बिट, जास्तीचे स्क्रू खाली बॉक्समध्ये राहू देत. बेल्ट २ इंच रुंद घ्या, पातळ पट्टा रुततो. पाउच बाजूला कुशीवर बांधा, मागे कण्यावर अजिबात नको, कारण पाठीवर पडलात तर तीच हत्यारं मणक्याला लागतील.

आता लेदर का कापड. लेदर दणकट असतं, आकार धरून राहतं, टोकदार हत्यार आरपार जात नाही, कोरड्या भागात राहत असतात तर मी तेच घ्या म्हटलं असतं. पण कोकणातल्या पावसात त्याला बुरशी येते आणि ओल्या चामड्यात राहिलेली पक्कड गंजते, म्हणून तुम्ही जाड पॉलिस्टरचाच घ्या. लेबलवर डेनिअर लिहिलेलं असतं, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, ६०० पेक्षा १६८० चा धागा बराच जाड. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर, घडीवर तडकला की सोलतच जातो, त्यात तुमची काही चूक नाही. दुकानात स्वतःची पक्कड घेऊन जा, खिशात घालून वाकून बघा, मूठ पटकन हातात आली पाहिजे पण हत्यार सटकता कामा नये. खिशाच्या तोंडाशी कोपऱ्यात रिव्हेट किंवा दाट आडवी शिलाई आणि तळाला दुहेरी कापड हवंच. टेप अडकवायला स्टीलची साखळी असेल तर ती काढून नायलॉनची पट्टी लावा, उघड्या डीबीसमोर (घरातल्या मुख्य वीज बोर्डासमोर) लोंबकळणारी साखळी फार धोक्याची.

आणि तो पडलेला टेस्टर, तो आधी चालू सॉकेटवर लावून बघितल्याशिवाय वापरू नका, बिघडलेला टेस्टर लाइव्ह वायरवरही पेटत नाही आणि माणूस बिनधास्त हात घालतो!

रोज काम संपलं की पाउच उलटा करून झटका. तळाशी स्ट्रिपिंगचे केसासारखे बारीक तांब्याचे तुकडे साठतात, ते टेपच्या कडेला नि पकडीच्या दातात चिकटून थेट दुसऱ्याच्या बोर्डात जातात आणि दोन टर्मिनलमध्ये एक जरी अडकला तरी शॉर्ट. लोहचुंबकाने ते निघत नाहीत, ब्रशच लागतो. महिन्यातून एकदा कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश आणि मग उलटा टांगून पंख्याखाली, मशीनमध्ये टाकू नका. भिजून आलात तर हत्यारं रात्रभर आत ठेवायची नाहीत, पुसून पकडीच्या सांध्यात मशीन ऑइलचा थेंब सोडायचा, मुठीला मात्र तेल, थिनर, पेट्रोल काही लावायचं नाही. १००० व्होल्टची खूण असलेल्या मुठीवर चीर दिसली तर टेप गुंडाळून चालवू नका, पक्कड बदला.

शिलाईचा एक टाका जरी सुटला तरी त्याच आठवड्यात मोच्याकडे नेऊन नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घ्या, पूर्ण उसवल्यावर कापड पण फाटलेलं असतं आणि मग टाका धरायला जागाच उरत नाही.