तीन फटींचा सॉकेट, चार पिनांची कॉर्ड: ॲडॉप्टर नको, आधी मागचं झाकण उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत १९८४ साली बांधलेलं घर घेतलंय, किचनमध्ये स्टोव्हमागे तीन फटींचा सॉकेट आहे, आणि आधीच्या घरातून आणलेल्या इलेक्ट्रिक रेंजला (वर शेगड्या, खाली ओव्हन असलेला विजेचा स्टोव्ह) चार पिनांची कॉर्ड आहे. ॲडॉप्टर लावून भागेल का?

नाही. ॲडॉप्टरच्या आत ग्राउंडची (अर्थिंगची) पिन न्यूट्रलला जोडलीय की कुठेच जोडलेली नाही, हे बाहेरून कळत नाही. रेंज मात्र दोन्ही वेळा मस्त चालते. खरी भानगड तीच आहे. रेंज चालते याचा अर्थ जोडणी बरोबर आहे असा होत नाही.

दोन हॉट (जिवंत) तारांमध्ये २४० व्होल्ट असतात, त्यावर शेगड्या आणि ओव्हनच्या कॉइल तापतात. ओव्हनमधला दिवा, घड्याळ वगैरे मंडळी साधारणपणे १२० वर चालतात, म्हणून न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) लागते आणि तिच्यातून रोज करंट जातो. ग्राउंडमधून एरवी काहीही जाता कामा नये. एखादी हॉट तार रेंजच्या बाहेरच्या पत्र्याला टेकली, तर ब्रेकर पाडण्यापुरतंच ग्राउंडचं काम.

तुमच्याकडच्या जुन्या पद्धतीत ग्राउंडची वेगळी तारच नसते. रेंजचा पत्रा न्यूट्रललाच जोडलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला ही सवलत दिली गेली आणि मग ती तशीच चालू राहिली. १९९६ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने (अमेरिकेतली वायरिंगची नियमावली) नव्या सर्किटसाठी ती बंद केली. जुनी सर्किट काही अटींवर चालतात.

यातला धोका नीट समजून घ्या. समजा, सॉकेटमागे न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला आणि तार सुटली. ओव्हनचा दिवा लावलात की करंट दिव्यातून न्यूट्रलच्या टर्मिनलपर्यंत येतो आणि पुढे वाट बंद. त्या टर्मिनललाच पत्रा जोडलेला आहे, म्हणजे पत्र्यावर १२० व्होल्ट. एक हात ओव्हनच्या हँडलवर, दुसरा सिंकच्या नळावर, की करंटला तुमच्या अंगातून वाट मिळाली. शेगड्या तरीही तापतातच, त्यांना न्यूट्रल लागत नाही. तेव्हा घड्याळ आणि दिवा एकदम बंद पडले पण शेगड्या चालू आहेत, असं कधी दिसलं तर रेंजला हात न लावता आधी ब्रेकर पाडा.

आता तुमची रेंज. प्लग काढलेला असताना मागचं छोटं झाकण उघडलंत की टर्मिनल ब्लॉक दिसेल: कडेला दोन हॉट, मध्ये न्यूट्रल. मधल्या स्क्रूपासून पत्र्यापर्यंत एक छोटी तांब्याची पट्टी किंवा तारेचा तुकडा असतो, तो बाँडिंग स्ट्रॅप. चार तारांची कॉर्ड असेल तर ही पट्टी काढायची आणि हिरवी तार पत्र्याच्या स्क्रूला लावायची. तीन तारांची असेल तर पट्टी जागेवर हवीच. तुमची रेंज चार तारांवर होती, म्हणजे पट्टी काढलेली असणार. नुसती कॉर्ड बदलून तीन पिनांची लावलीत, तर पत्रा कशालाच जोडलेला राहणार नाही. आतली हॉट तार पत्र्याला टेकली तरी ब्रेकर पडणार नाही आणि पत्रा गुपचूप जिवंत राहील. सगळ्यात वाईट अवस्था हीच.

उलटी चूकही सर्रास दिसते: कॉर्ड चार तारांची, पण पट्टी तशीच. मग न्यूट्रलचा करंट ग्राउंडमधूनही परत जातो. पुढे न्यूट्रल तुटली तरी घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे बिघाड कळतही नाही.

पट्टीचं ठरवण्याआधी भिंतीत काय आहे ते बघा. ब्रेकर पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग रेंजच्या सॉकेटवर लावा आणि मगच सॉकेटची पेटी उघडा. कधीकधी नशीब जोरावर असतं: काळी, लाल, पांढरी आणि मागे दुमडून ठेवलेली उघडी (इन्सुलेशन नसलेली), अशा चारही तारा असतात. पॅनलमध्येही (ब्रेकर असतात त्या पेटीत) ती उघडी तार ग्राउंडला जोडलेली असेल तर सॉकेट बदलून १४-५० (चार फटींचा) लावला की काम झालं. तीनच असतील आणि न्यूट्रलवर इन्सुलेशन असेल, तर जुनं सर्किट म्हणून कोडला चालतं, फक्त तार १० गेज तांब्याहून किंवा ८ गेज ॲल्युमिनियमहून बारीक नको (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). न्यूट्रल उघडी असेल, तर ती एसई (सर्व्हिस एंट्रन्स) केबलमधली आणि थेट मुख्य पॅनलमधून आलेलीच हवी. सबपॅनलमधून (मुख्य पॅनलवरून पुढे काढलेल्या पॅनलमधून) आलेली असेल, किंवा घरातल्या साध्या एनएम केबलमधली उघडी तार न्यूट्रल म्हणून वापरली असेल, तर ते चालत नाही.

माझं मत विचाराल तर, केबल ओढणं शक्य असेल तर चार तारांची नवी केबल घालूनच टाका. ५० अँपिअरला ६ गेज तांबं, ४० ला ८ गेज. पॅनलमधलं काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनला द्या, परमिट काढून.

कॉर्ड लावताना स्क्रू खरंच घट्ट करा. एवढ्या करंटला ढिला जोड तापतो आणि प्लास्टिक तपकिरी पडायला लागतं. कॉर्ड पत्र्याच्या भोकातून आत जाते तिथे क्लॅम्प हवाच, नाहीतर रेंज ओढताना सगळा ताण टर्मिनलवर येतो.

शेवटी, प्लग भिंतीत घालण्याआधी मल्टीमीटर ओहमवर (रोध मोजण्यावर) ठेवा. चार पिनांच्या कॉर्डवर ग्राउंडची पिन ते पत्रा जवळजवळ शून्य, आणि न्यूट्रलची पिन ते पत्रा ओपन (जोडणीच नाही) यायला हवं. दुसरीकडेही शून्य आलं तर पट्टी राहिलीय. तीन पिनांच्या कॉर्डवर न्यूट्रल ते पत्रा शून्य आलंच पाहिजे. आणि रेंज मागे ढकलताना तिचा मागचा पाय अँटी-टिप ब्रॅकेटमध्ये (रेंज पुढे कलंडू न देणाऱ्या पकडीत) बसलाय ना, तेही बघा.