‘त्यांना ऐकू येते, फक्त लक्ष नसते’

लालबागमध्ये राहणारे, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी समुपदेशनासाठी आले, ते ‘आता एकमेकांशी बोलणेच नकोसे झाले आहे’ अशी तक्रार घेऊन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकूंचे म्हणणे असे की, दार वाजले की काका लगेच उठतात, पण स्वयंपाकघरातून काही सांगितले की भलतेच उत्तर देतात, म्हणजे त्यांना ऐकू येते, फक्त लक्ष नसते. काकांचे म्हणणे असे की, ही तोंडातल्या तोंडात बोलते आणि पुन्हा विचारले की खेकसते. मुलाने श्रवणयंत्राचा विषय काढला होता, पण काका ठाम होते: ‘एकदा मशीनची सवय लागली की उरलेसुरले कानही जातात.’ ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

बोलता बोलता काकांनी बाजारातला एक प्रसंग सांगितला. भाजीवाला ‘दोनशे साठ’ म्हणाला, यांना ‘दोनशे आठ’ ऐकू आले. यांनी दोनशे दहा रुपये पुढे केले आणि दोन रुपये परत मिळण्याची वाट पाहत उभे राहिले. मागचे लोक हसले. तेव्हापासून काकांनी बाजारात जाणे सोडले होते, आणि घरात मात्र त्याचा अर्थ ‘कामे टाळतात’ असा लावला गेला होता.

या एका चुकीत त्यांचा सगळा आजार दिसतो. ‘साठ’मधला ‘आ’ खालच्या पट्टीचा आणि जोरकस असतो, तर ‘स’ हा अतिशय वरच्या पट्टीचा आणि हलका ध्वनी आहे. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे ऐकणे कमी होते, तेव्हा बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे दाराची थाप ऐकू येते, माणूस बोलतो आहे हेही कळते, पण शब्द उमगत नाही. आपण ओरडतो, तेव्हा स्वरच मोठे होतात; व्यंजने बरीचशी तशीच राहतात, आणि ऐकणाऱ्यापर्यंत फक्त राग पोहोचतो.

काकांनी उमेदीची वर्षे कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, काढली होती. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षे काम केले, तर कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि साचेखात्यातला आवाज त्याहून कितीतरी मोठा असे. आंतरकर्णात जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही थेंब, गोळी किंवा कानात घातलेले कोमट तेल त्या परत आणू शकत नाही.

तरीही थेट दुकानात जाऊन यंत्र घेणे योग्य नाही. साठलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र, मध्यकर्णातल्या हाडाचा ताठरपणा अशा कारणांवर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उपाय होऊ शकतो, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मग ऑडिओमेट्री (कोणत्या पट्टीचा किती हलका आवाज ऐकू येतो याची तपासणी), हाच क्रम हवा. एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, कारण त्यावरचे स्टिरॉइडचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच अधिक उपयोगी पडतात. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग ही वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. तिथेही तपासणी होते.

काकांचा ऑडिओग्राम, म्हणजे या तपासणीचा आलेख, आला, तेव्हा मी तो मुद्दाम काकूंच्या हातात दिला. उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या डावीकडे ठीक उंचीवर होत्या आणि उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीकडे जाताना, घाटासारख्या खाली उतरत होत्या. काकूंनी ‘स’ कुठे येतो ते विचारले, मी बोट ठेवले. बराच वेळ कागद पाहून त्या म्हणाल्या, ‘मग मी इतकी वर्षे कोणावर चिडत होते?’ समुपदेशनाची खरी सुरुवात तिथून झाली, असे मला वाटते.

आता त्या भीतीविषयी. तपासणीनुसार जुळवलेल्या यंत्राने ऐकणे बिघडत नाही. यंत्रातून येणाऱ्या आवाजाला कमाल मर्यादा घालून दिलेली असते. उलट दीर्घकाळ शब्द नीट पोहोचले नाहीत, तर ते ओळखण्याची क्षमता मंदावू शकते. यंत्र काढल्यावर पूर्वीपेक्षा कमी ऐकू येते असे वाटते, ते दोन्हींतला फरक प्रथमच जाणवल्यामुळे.

पहिले काही दिवस काकांना भांड्यांचा आणि वर्तमानपत्राच्या पानांचा आवाजही असह्य झाला. मेंदूला जुने आवाज नव्याने ओळखायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून आधी शांत खोलीत थोडा वेळ, मग जेवताना, आणि गर्दीत सर्वांत शेवटी, असे आम्ही ठरवले. यंत्र दोन्ही कानांना घेतले, कारण दोन्ही कानांचे ऐकणे कमी होते. काकूंनीही दुसऱ्या खोलीतून बोलणे सोडले. समोर येऊन, आधी हाक मारून, न ओरडता सावकाश बोलू लागल्या. दादर स्थानकाच्या गर्दीत काकांना आजही अडखळायला होते, आणि यंत्राकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये हे मी त्यांना आधीच सांगितले होते.

जुलैमध्ये ते पुन्हा आले, कारण उजव्या कानाचे यंत्र मुके झाले होते आणि कान पार गेला असे त्यांनी मनाशी धरले होते. श्रवणतज्ज्ञांनी नळीत साचलेला ओलावा काढताच ते सुरू झाले. मुंबईच्या पावसाळ्यात रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, बॅटरीचा कप्पा उघडा ठेवावा आणि यंत्र बंद पडले तर कपाटात टाकून न देता आधी श्रवणतज्ज्ञांना दाखवावे.