किनाऱ्यावर सापडलं, म्हणजे जीवाश्मच?

सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे दगडांचे फोटो यायला लागतात. कोकणातल्या पुळणीवर पोरांना काहीतरी सापडलेलं असतं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपने एव्हाना त्याचा डायनासोर करून टाकलेला असतो. प्रश्न तेच ते, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : मुलीला मालवणजवळ पांढरी, चपटी चकती मिळाली. वर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं दिसतं. जीवाश्म का?

नाही. सँड डॉलर नावाच्या समुद्री प्राण्याचा सांगाडा, तोही अलीकडचा.

प्रश्न : दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे.

झिरपलेल्या पाण्याने आणून सोडलेलं मँगनीज. वनस्पतीचा संबंध नाही. तरी शंका असेल तर भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना भिंगाखाली बघायला सांगा.

प्रश्न : जिभेला चिकटलं तर हाड जीवाश्म समजावं, असं एका व्हिडिओत सांगितलंय. मुलाला करून बघू द्यावं का?

मुळीच नको. सच्छिद्र जीवाश्म चिकटतो हे खरं. पण कौलाचा तुकडा, वाळलेली माती आणि परवा मेलेल्या बैलाचं हाडसुद्धा चिकटतं. शिवाय त्याच पुळणीवर गावाचं सांडपाणी उतरतं, हे व्हिडिओवाला सांगत नाही. फोटो काढून जाणकाराला दाखवा. हाड माणसाचं वाटलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

प्रश्न : हर्णैजवळ शंख-शिंपले रुतलेला खडक दिसला. मुलाने छिन्नीने तुकडा काढला. स्वच्छ व्हावा म्हणून घरी बाथरूमच्या ॲसिडमध्ये ठेवला, तर फसफसून अर्धा झाला. तो किती जुना असेल?

‘आता कठीण आहे’ एवढं म्हणून थांबलो असतो. पण ॲसिडची ही कथा मला दर वर्षी कुणी ना कुणी ऐकवतं, तेव्हा जरा सविस्तरच ऐका.

शिंपला म्हणजे चुना आणि खडकातली वाळू सांधणारा मसालाही चुनाच. ॲसिड दोन्ही खातं. रेडिओकार्बनने (म्हणजे किरणोत्सारी कार्बन किती उरलाय ते मोजून) शिंपल्याचं वय काढतात ते याच चुन्यातल्या कार्बनवरून, म्हणजे वय सांगणारी चीजच तुम्ही मोरीत ओतलीत.

दुसरं नुकसान छिन्नीचं. असा खडक भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तयार होतो आणि भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कोवळा, बहुधा काही हजार वर्षांचा असतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास पोचलं. त्यामुळे हा खडक आजच्या भरतीरेषेच्या किती वर किंवा खाली आहे, यावरून जुना समुद्र कुठवर येत होता याचा अदमास लागतो. तुकडा उचलला आणि जागा विसरलात की ती उंची गेली. तुम्ही आता जागा नक्की दाखवू शकाल का? बहुतेकांना नाही दाखवता येत. तुकडा दोन वर्षं शोकेसमध्ये बसतो, मग कुणाला तरी तज्ज्ञांची आठवण होते.

पुढच्या वेळी छिन्नी घरी ठेवा. जागेवरच, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, आजूबाजूचा किनारा दिसेल असा. फोनमधलं लोकेशन आणि तारीख लिहून ठेवा. भरतीचं पाणी कुठवर येतं ते तिथल्याच एखाद्या खलाशाला विचारा, त्याला बरोबर ठाऊक असतं. उरलेला तुकडा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वॉर्निश नको, फेव्हिकॉल नको, आणि कृपा करून लिंबूही नको.

प्रश्न : ‘कोकणातल्या डायनासोरचा दात’ प्रमाणपत्रासह ऑनलाइन मिळतोय. वाढदिवसाला घ्यावा का?

कोकणातला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हारस. त्यात दात टिकेल कसा? लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांच्या गाळात जीवाश्म सापडतात, हे खरं. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले. डायनासोरांचे अवशेष मात्र तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुऱ्याला. प्रमाणपत्रावर सही कुणाची आहे ते बघा, बहुधा विकणाऱ्याचीच असेल. घेऊ नका.

प्रश्न : प्रवाळाचे तुकडे शाळेच्या प्रदर्शनासाठी आणले तर?

आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे, मेलेल्यांनाही. आणलेच असतील तर वन विभागाला विचारा.

प्रश्न : मग दाखवायचं कुणाला?

आधी जवळच्या कॉलेजातला भूशास्त्र विभाग गाठा. नाहीतर पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूरचं कार्यालय. दगड कुरिअर करू नका, फोटो आणि जागेची माहिती पाठवा. आणि हे सगळं मे महिना संपायच्या आत. पावसाळ्यात पुळण कापली जाते, मग वाळू परत भरते, आणि नंतर तुम्ही बोट दाखवाल तिथे खडक वाळूखाली गेलेला असू शकतो.