गोव्यातून लिस्बनच्या ऑफिससाठी काम करतो. रोजची मीटिंग मार्च आणि ऑक्टोबरमध्ये अचानक एक तास का सरकते?

कारण घड्याळ तिकडचं बदलतं, आपलं नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी पोर्तुगालमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. त्यामुळे आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास. लिस्बनचे दुपारचे ४ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे ८.३०, हिवाळ्यात ९.३०. जेवण, मुलांची झोप, सगळंच त्या एका तासाने विस्कटतं, आणि हे वर्षातून दोनदा. मी मडगावातून लिस्बन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडचं काम बघते, त्यामुळे हे चांगलंच पाठ झालंय.

खरा घोळ अमेरिकाही मीटिंगमध्ये असेल तेव्हा होतो. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत साधारण एक आठवडा लिस्बन-न्यूयॉर्क अंतर पाचऐवजी चारच तास. कुणीतरी हमखास तासभर आधी नाहीतर उशिरा येतं.

उपाय एकच: कॅलेंडरमध्ये मीटिंग 'लिस्बन' टाइमझोनमध्ये टाका, मग आपली वेळ आपोआप बदलून दिसते. युरोपियन पार्लमेंटने 2019 मध्ये घड्याळ पुढे-मागे करण्याची ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं, पण अंमलबजावणी झाली नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

दुबई किंवा कुवेतबरोबर काम असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, तिथे घड्याळ बदलत नाही.