मुलांच्या कायद्याला वाहून घेतलेला सर्वोच्च न्यायालयाचा एखादा न्यायाधीश सांगता येईल का?

तुम्ही कायद्याचं शिक्षण घेताय आणि नाव विचारलंय. बालगृहांतल्या मुलांबरोबर काम केल्यामुळे माझ्या तोंडी पहिलं नाव येतं न्या. मदन लोकूर यांचं. बहुतेकांना ते आठवतात १२ जानेवारी २०१८ च्या चार न्यायमूर्तींच्या पत्रकार परिषदेमुळे. त्याच वर्षी ३० डिसेंबरला ते निवृत्त झाले. मुलांसाठीचं त्यांचं काम त्या मानाने फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात गाजला तो 'इंडिपेंडंट थॉट' खटल्याचा निकाल, ११ ऑक्टोबर २०१७ चा. तोवर दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये एक अपवाद होता. बायको १५ वर्षांहून लहान नसेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नसे. म्हणजे १६ वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलं की तिचं हे संरक्षण गेलं! लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी तिथे १५ ऐवजी १८ वाचायचं, असा निर्णय दिला. आजच्या भारतीय न्याय संहितेतही १८ च आहे.

पण माझ्या मते त्यांचं मोठेपण याहून रूक्ष वाटणाऱ्या कामात आहे. मुलांचे कायदे आपल्याकडे कागदावर बरे असतात. घोडं अडतं ते अंमलबजावणीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीवर माणसंच नेमलेली नसतात, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळाची बैठक होत नाही, मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसर) पद रिकामं असतं. एक बैठक पुढे गेली की घरी जायला आसुसलेलं मूल तेवढे दिवस आणखी संस्थेत अडकतं. मुलाला तारीख म्हणजे काय ते कळत नाही. आज कुणी न्यायला आलं नाही, एवढंच कळतं.

लोकूर यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. संपूर्णा बेहुरा यांची याचिका २००५ सालची, तिचा निकाल आला ९ फेब्रुवारी २०१८ ला. त्यात त्यांनी बालहक्क आयोगांवरची रिक्त पदं भरा, समित्या आणि मंडळांच्या बैठका नियमित घ्या, संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण (म्हणजे तिथे मुलांना कसं ठेवलं जातं याची तपासणी) करा, असं बजावलं. शिवाय उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींना स्वतःहून याचिका दाखल करून घेण्याची विनंती केली, म्हणजे देखरेख दिल्लीपुरती राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. त्यामुळे खालून काय अडतंय हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

२०१८ मध्येच बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातला अत्याचार उघड झाला, तोही अशाच एका लेखापरीक्षणातून. बिहारमधल्या इतर निवारागृहांचाही तपास सीबीआयकडे देणाऱ्या खंडपीठावर लोकूर होते.

जितेंद्र सिंह खटल्यातलं (२०१३) त्यांचं स्वतंत्र निकालपत्रही जरूर वाचा. आरोपी गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता का, हा प्रश्न वर्षानुवर्षांनी अपिलात निघतो. लोकूर यांचं म्हणणं, आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं तेव्हाच दंडाधिकाऱ्याने वयाची खात्री करावी.

सुरुवात मात्र बेहुरा निकालाने करा. शेवटी निर्देशांची यादी आहे. ती घेऊन तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत किती जागा भरलेल्या आहेत आणि बैठका किती होतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा.