जीन एडिटिंगसारख्या विषयात सामान्य माणसानं बोलून काय होणार?

तुम्ही लिहिलंय की जीन एडिटिंग (पेशीतली जनुकं बदलणं), एम्ब्रियो टेस्टिंग (भ्रूणाची तपासणी) हे सायंटिस्टांचं काम, आपण त्यात नाक खुपसून काय फायदा. मला नाही पटत ओ, आणि मी कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरवरच्या निपाणीची, त्यामुळं तर अजिबातच नाही.

गर्भजल तपासणी आली ती बाळात काही व्यंग आहे का बघायला, आणि वापरली गेली मुलगा की मुलगी बघायला, ते तुम्हाला मी काय सांगायचं. मुंबईत बायकांच्या संघटना आणि थोडे डॉक्टर मिळून बोंब मारत राहिले म्हणून १९८८ ला महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा झाला, मग १९९४ ला देशाचा, आणि तोही कागदावरच राहिला तेव्हा सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले, त्यानंतर २००३ ला गर्भ राहायच्या आधीची लिंगनिवडपण त्यात आली. तरी २०१७ ला म्हैसाळला १९ भ्रूण सापडलेच, आमच्या कर्नाटकातलं कागवाड ओलांडलं की महाराष्ट्रातलं म्हैसाळ. बॉर्डरचं हेच असतंय, इकडं कडक झालं की लोक तिकडं जातात.

चीनमधल्या हे जियानकुई नावाच्या सायंटिस्टनं २०१८ ला जुळ्या पोरींचे जीन भ्रूणातच बदलले, का तर बापाला एचआयव्ही होता. त्यासाठी वीर्य धुऊन घ्यायचा साधा उपाय आधीपासून होता की! त्याला ३ वर्षं जेल झाली, पण तो बदल त्या पोरींच्या पोरांपर्यंतही जाऊ शकतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर २०२३ ला मंजूर झालेली जीन एडिटिंगची ट्रीटमेंट वेगळी, त्यात पेशंटच्याच रक्ताच्या पेशी बदलतात, पुढच्या पिढीत काही जात नाही. त्याला माझा विरोध नाही, पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे कुणाला मिळणार हापण प्रश्न आलाच.

आणि बोलायचं म्हणजे मोर्चाच काढायला पाहिजे असं नाही. वहिनीच्या आयव्हीएफच्या वेळी फॉर्म आला, सगळा इंग्लिशमध्ये, सही कुठं करायची तिथं नर्सनं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. मी म्हटलं आधी वाचून सांगा. त्यात एक रकाना होता, उरलेल्या एम्ब्रियोचं काय करायचं, ते रिसर्चला द्यायचे का. कायद्यानं ते १० वर्षंच ठेवता येतात आणि रिसर्चला द्यायला जोडप्याची संमती लागते. नर्स वैतागली, पण डॉक्टरनी बसून मराठीत सांगितलं. वहिनीनं नाही म्हणून टिक केलं. मी असते तर दिले असते, पण ते तिचं तिनं ठरवायचं.