लाकडावर चालणारा जुना बॉयलर मिळाला आहे. घर आणि वर्कशॉप तापवायला बसवू का?
बसवा, पण आधी पाण्याने दाबचाचणी करून घ्या: नेहमीच्या दाबाच्या दीडपट, थंड पाणी भरून. हवेने कधीच नाही. पत्रा फाटला तर जीव जाईल. वेल्डिंगच्या जोडांवर ओल दिसली, तर तो भंगारातच जाऊ द्या.

माझा सगळ्यात मोठा आग्रह सेफ्टी व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेचा. नवाच घ्या, आणि बॉयलर व त्याच्यामध्ये कुठलाही कॉक नको. वीज गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो, लाकूड मात्र जळतच राहतं. म्हणून पंपाशिवायही गरम पाणी आपसूक वर चढून फिरेल असा एक रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारं पॅनेल) जोडा. घरात फिरून बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५-६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर आत डांबर साचतं, पत्रा गंजतो. लाकूड वाळलेलंच हवं, ओलावा २० टक्क्यांखाली.